ताटाच्या कडेचा घास

मला त्या बुधवारचा राग अजून येतो. माणसाचा येत नाही, बुधवारचा येतो. वर्ध्याजवळच्या कुष्ठधामात नवे रोगी गुरुवारी सकाळी घ्यायचे. आमचं गाव तिकडे आर्वीच्या बाजूला. म्हणून आम्ही नवराबायको बुधवारीच घरून निघालो, अन् बुधवारी निघालो म्हणून संध्याकाळचं जेवण वर्ध्यात, हॉटेलात झालं. आयुष्यातलं माझं पहिलं हॉटेल. तिथं जेवायला बसले नसते तर माझा संसार कदाचित वाचला असता. आता कदाचित म्हणायला काय जातं, जीभ काही झिजत नाही.

मी तेव्हा एकवीस-बावीसची असेन. नवरा गावच्या शाळेत गुरुजी, घरात सासू, एवढीच माणसं. पोरबाळ अजून नव्हतं. माझ्या डाव्या हातावर रुपयाएवढा फिक्कट डाग होता. दोन वर्षं त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. मग एके दिवशी चुलीशी भाकर उलटताना डावा हात तव्यावर टेकला अन् मला कळलंच नाही. वास आला सासूला. ती ओरडली तेव्हा मी खाली पाहिलं. दोन बोटांची कातडी तव्याला चिकटली होती अन् मी आपली शांत बसलेली. सासूनं हात धरला नाही, ती दोन पावलं मागं सरकली. तेव्हाच मी समजले.

आर्वीच्या डॉक्टरनं सुई टोचून टोचून पाहिलं अन् नाव सांगितलं. महारोग. घरी आलो तर माझं अंथरूण गोठ्याच्या पडवीत गेलेलं. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, तेही दुरून सरकवलेलं. जेवले की पत्रावळ मीच जाळायची. असे तीन महिने काढले. सासू बरोबर दाराशी येऊन, मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगायची, "त्याले दुसरी पायतो म्या. एवढ्या मोठ्या पोराले जल्मभर असंच बसवून ठेवू काय?" हे मात्र शाळेत जायचे, यायचे, पडवीच्या दाराशी क्षणभर थांबायचे अन् आत जायचे. आईपुढे या माणसाचं तोंड कधी उघडलंच नाही.

आता ताटाचं सांगते, कारण सारं अडलं ते ताटापाशीच. आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागून जेवायची, अन् त्याच्याच ताटात जेवायची. पुरुष उठला की तेच ताट पुढं ओढायचं. त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. पण आमच्या यांची एक सवय होती. ताटाच्या कडेला ते माझ्यासाठी एक घास राखून ठेवायचे. वांग्याची भाजी असली की वांग्याचं देठ. ते देठ चोखायला मला भारी आवडायचं. हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कसं कळलं देव जाणे, मी तर काही बोलले नव्हते. त्या दिवसापासून एकदाही देठ चुकलं नाही. भांडण झालं तरी देठ ताटात. माझ्यावर जीव आहे का, असं नवऱ्याला विचारायची तेव्हा सोय नव्हती. मी ताट पाहायची अन् समजून घ्यायची.

त्या तीन महिन्यांत त्यांचं ताट मला दिसलंच नव्हतं. सासू उचलायची अन् सासूच घासायची. त्यामुळे बुधवारी घरून निघाले तेव्हा डोक्यात एकच किडा होता. बरी झाले तर हा माणूस मला न्यायला येईल का? की उद्या फाटकात सोडलं की झालं, मोकळा झाला? विचारायची हिंमत नव्हती. नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं? गाडीखाली गेले असते. खोटं नाही सांगत, तसं ठरवलंच होतं.

आर्वीहून लहान गाडीनं पुलगावला आलो. तिथून मोठी गाडी. अन् तिथंच मी चिडले. या माणसाला पाट्या वाचायचं वेड. गुरुजी ना! जिथं अक्षर दिसलं तिथं उभे. बरं, वाचून सोडून द्यावं? नाही. जे लिहिलं असेल ते करायचं म्हणजे करायचंच. पुलगावात उतरलेले सगळे लोक रूळ ओलांडून पलीकडे गेले. आमचे हे पाटी वाचून पुलाकडे वळले. माझ्या डोक्यावर गाठोडं, हाताला चिंधी बांधलेली, अन् मी त्या पायऱ्या चढून राह्यली.

"सारे तं रुळावरूनच गेले," मी म्हटलं.

"लिहिलं आहे," ते म्हणाले.

झालं. लिहिलं आहे म्हटल्यावर पुढं बोलायची सोय नाही. मला कुठं वाचता येत होतं? माझ्यासाठी सगळ्या पाट्या सारख्याच, काळ्यावर पांढरं.

वर्ध्याला उतरलो तेव्हा उन्हं उतरली होती. इस्टेशनच्या बाहेर एक हॉटेल होतं. वर राहायच्या खोल्या, खाली जेवण. मला वाटलं, फुटाणे घेतील, मुसाफिरखान्यात बसून खाऊ. तर हे सरळ हॉटेलच्या दारात. मी मागं ओढलं, "बापा, तिथं कायले? कोनाले समजलं म्हंजे?"

त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "तीन महिने तुले पत्रावळ. आज ताटात जेवजो."

एवढंच बोलले. मी तेव्हा त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. मला दुसरंच सुचलं होतं. ताटात जेवायचं म्हणजे त्यांचंही ताट माझ्या डोळ्यापुढं येणार. मनात म्हटलं, आज कळेल. कडेला घास राखला तर हा माणूस मला न्यायला येईल. नाही राखला तर समजायचं, दुसरी पाहून झाली.

आत गल्ल्यावर मालक बसलेला. खादीची टोपी, नाकावर चष्मा, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर. मी डावा हात पदराखाली घेतला अन् मान खाली घातली. माझा रोग त्याला कळला असता तर त्यानं आम्हाला भर लोकांत हाकललं असतं अन् ताटं फेकून दिली असती. तेव्हा कोणीही तेच केलं असतं. यांच्या कपाळावर घाम होता. बायामाणसांसाठी भिंतीलगत पडदे लावलेल्या खोल्या होत्या. खोल्या म्हणजे काय, दोन खुर्च्या अन् मध्ये टेबल. मी भिंतीला पाठ करून बसले, ते माझ्यासमोर, भिंतीकडे तोंड करून. नवऱ्याच्या समोर खुर्चीवर बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय खाली टेकेनात, पदर सावरता सावरेना.

वाढप्यानं कल्हईची दोन ताटं आणली. पोळ्या, वरण, भात, कढी, लोणचं अन्, माय वो, वांग्याची भाजी. अख्खी वांगी, देठासकट. मला तर देवच पावल्यासारखं वाटलं.

"जेव," ते म्हणाले.

"तुमी घ्या पयले."

"दोन ताटं आहेत ना. सोबत जेव."

मी दोन घास घेतले, पण लक्ष सारं त्यांच्या ताटात. ते खाली मान घालून हळूहळू जेवत होते. वरण-भात संपला. पोळी संपली. वाढपी दोनदा येऊन गेला, हे हातानंच नको म्हणाले. वांगं खाल्लं अन् त्याचं देठ... देठ त्यांनी बाजूला काढलं. सोबत पोळीचा एक तुकडा. ताटाच्या कडेला, जिथं नेहमी ठेवायचे तिथंच. बोटानं जरा नीट सरकवलं.

माझं काळीज सुपाएवढं झालं. मनात म्हटलं, येतो बाई, येतो हा माणूस न्यायला! दोन वर्षं लागोत, चार लागोत. मी सुया घेईन, कडू काय असेल ते पिईन, हात कापायला सांगितला तर कापून देईन. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी तेव्हाच मान वर केली. मला वाटलं, माझ्याकडे पाहतील. पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरून गेली. मागच्या भिंतीवर कुठं तरी गेली अन् तिथंच थांबली. मग पडद्याकडे गेली. चेहरा एकदम उतरला. अन् मग त्यांनी मान खाली घातली, तो पोळीचा तुकडा खाल्ला, देठ उचललं, चोखून चोखून संपवलं, अन् बोटानं ताट पुसून घेतलं. एक शीतही ठेवलं नाही.

त्या क्षणाला काय म्हणू? गोठ्यात निजले तेव्हा रडले होते, डॉक्टरनं नाव सांगितलं तेव्हा रडले होते. आता रडूही येईना. डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत झाली नाही या माणसाची, एवढंच मला दिसलं. भिंतीकडे पाहून त्यानं माझा घास खाऊन टाकला.

"पोट भरलं?" मी विचारलं.

"हाव."

"भरलं ना नीट? मंग झालं." माझा आवाज चढला. "उद्या मले फाटकात सोडा अन् मागं पाहू नका. मी जगली काय अन् मेली काय, घ्यायले येऊ नका. समजलं? तुमच्या मायनं पाहून ठेवली असंन तिले आणा."

"काऊन असं बोलून राह्यली तू? हळू बोल ना." ते पांढरेफटक पडले होते. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "जेव. तेवढं जेवून घे. ताट असं ठेवू नको."

ताट! मी जन्माचं बोलते अन् याला ताटाची पडली. मी उठले. पडदा सारून हात धुवायच्या नळाशी गेले अन् डावा हात पदराखालीच ठेवून उजव्यानं तोंडावर पाणी मारत उभी राहिले. वळून पाहिलं तर पडद्याच्या फटीतून दिसलं. त्यांनी माझं ताट आपल्यापुढं ओढलं होतं अन् ते भराभर जेवत होते. माझं उष्टं. महारोग्याचं उष्टं. गालात घास मावत नव्हता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी कोंबतच होते. अन् मी भैताड काय समजले? म्हटलं, पैसे दिले म्हणून सोडवत नाही चिंगूसाला. असा राग डोळ्यावर होता माझ्या. समोर ढळढळीत दिसलं, पण कळलं नाही.

रात्र मुसाफिरखान्यात काढली. मी गाडीखाली गेले नाही ते फक्त रागापायी. मनात म्हटलं, याच्यासाठी कायले मरू?

सकाळी कुष्ठधामाच्या फाटकाशी त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. चालून चालून धोतर धुळीनं लाल झालं होतं. म्हणाले, "दिवाळीत येऊ ना मी?"

"सांगितलं ना, येऊ नका."

"असं काऊन म्हणतं? माह्यं काय चुकलं तेवढं तं सांग."

तेवढं मी सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. देठ काऊन खाल्लं, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण देठासाठी नवऱ्याला जाब विचारायचा म्हणजे मला माझीच लाज वाटली. कोणाला सांगू शकले असते का मी, की एका देठावर मी माझा जन्म लावला होता? मी गाठोडं उचललं अन् आत गेले.

अन् तो माणूस आला बरं. दिवाळीत आला. मी बाहेर गेले नाही. निरोप पाठवला की भेटायचं नाही. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली ते बसून राहिले अन् गाडीच्या वेळेला उठून गेले. मी खिडकीतून पाहत होते. संक्रांतीला पुन्हा आले, तिळगुळाची पुडी फाटकावर ठेवून गेले. मी ती मुंग्यांना दिली. तिसऱ्यांदा आले नाहीत. पुढच्या वर्षी आर्वीकडची एक बाई दाखल झाली, तिनं सांगितलं की गुरुजींचं दुसरं लग्न झालं. मी म्हटलं, पाहा, मी ओळखलंच होतं! दोन दिवस मी जेवले नाही, पण मनात एक कुजकं समाधानही होतं, ते लपवत नाही.

चार वर्षांत मी बरी झाले. दोन बोटं वाकडी राहिली, बाकी काही नाही. असल्या रोगाला ताटवाटी वेगळी करायची गरज नव्हती, हेही तिथंच डॉक्टरनं सांगितलं. बरी झाले, पण जायचं कुठं? तिथंच जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या कामाला लागले. कुष्ठधामात पुण्याकडची एक बाई शिकवायला होती. तिनं मला धरून अक्षरं शिकवली. माझं बोलणंही तिनंच सुधारलं, राग आला की मूळचं बाहेर येतं ते सोडा. वाचता यायला लागल्यावर मलाही तेच वेड लागलं. दिसेल ती पाटी वाचायची. बाई हसायची. मला हसू यायचं नाही, मला ते पुलगावच्या पुलाचं आठवायचं.

अन् एकदा त्या बाईसोबत पट्ट्यांचं कापड आणायला वर्ध्याला गेले. दुपार झाली. बाई म्हणाली, चल, इथं चांगलं जेवण मिळतं. पाहते तर तेच हॉटेल. मी नको म्हणणार होते, पण कारण काय सांगू? आत गेलो. तोच मालक, टोपीखालचे केस आता पांढरे. त्याच पडद्याच्या खोल्या. बाई भिंतीला पाठ करून बसली, म्हणून मी समोर बसले. ज्या खुर्चीवर ते बसले होते तीच.

वाढप्यानं ताटं आणली. वांग्याची भाजी होती, त्या हॉटेलात ती नेहमीचीच असावी. मी जेवत होते. देठ बाजूला काढलं, पोळीच्या तुकड्यासोबत कडेला ठेवलं. माझी ती सवय कधी झाली कोण जाणे. अन् सहज मान वर केली.

बाईच्या डोक्यावर, भिंतीला, काळी पाटी होती. पांढरी अक्षरं जुनी, कडांना उडालेली. मी एकेक अक्षर लावून वाचलं.

"ताटात उष्टे टाकू नये. टाकल्यास मालक स्वतः येऊन विचारतील."

मी पुन्हा वाचलं. मग पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे मालक होता. त्या संध्याकाळीही होता. एक घास ताटात दिसला असता तर उठून आला असता, पडदा सारला असता, समोर चिंधी बांधलेला हात घेऊन मी बसलेली. माझं ताट तर भरलेलंच सोडलं होतं मी. ते कोणी खाल्लं? कशासाठी खाल्लं? अवो, कशासाठी खाल्लं त्या माणसानं माझं उष्टं, रडत रडत?

देठ उचलून माझ्या ताटात टाकायचं सुचलं असतं त्या बह्याडाला तर! अन् मला एक प्रश्न विचारायचं सुचलं असतं तर! मी त्याला दोनदा फाटकावरून परत पाठवलं. न्यायला आलेला माणूस होता तो. मीच, माझ्या तोंडानं, त्याला दुसरीकडे लोटून दिलं. आता त्याच्या घरात दुसरी बाई होती, तिला पोरगी झाली होती. तिचा काय गुन्हा? मी जाऊन काय सांगणार होते, की आज मला वाचता आलं?

"काय झालं गं? रडतेस का?" बाई घाबरली. माझ्या ताटाकडे पाहून म्हणाली, "नसेल जात तर राहू दे. एका घासानं काय होतं?"

मी मान खाली घातली. देठ उचललं, चोखलं, पोळीचा तुकडा तोंडात घातला. मग बोटानं ताट पुसून घेतलं.

"लिहिलं आहे," मी म्हटलं.